वाटेवरचा गोडवा : मोहफूल

फाल्गुन सरत येतो तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील शिवार उघडे पडलेले असते. पऱ्हाटी उपटून झालेली असते. तूर खळ्यातून घरात आणि घरातून बाजारात गेलेली असते. कापसाच्या पैशांतून दुकानदाराची उधारी व सोसायटीचे कर्ज फिटले तर फिटले, उरलेले लग्नकार्यात खर्ची पडते. मृगाचा पाऊस अजून अडीच-तीन महिने दूर असतो. हाताला काम नाही आणि कणगीत धान्य बेताचे, असे हे दिवस. नेमक्या ह्याच दिवसांत घाटंजी, केळापूर, झरी-जामणी, मारेगाव आणि राळेगाव ह्या तालुक्यांत गाडीवाटांच्या कडेला, धुऱ्यांवर आणि जंगलाच्या काठाला उभे असलेले मोहाचे झाड आपली पाने टाकून देते व फुलावर येते.

मोहाचे फूल खुडावे लागत नाही. मध्यरात्रीनंतर ते आपोआप गळू लागते आणि सूर्य वर येईपर्यंत झाडाखाली पिवळसर पांढऱ्या, रसरशीत फुलांचा सडा पडतो. पहाटेच्या गार हवेत त्याचा उग्र गोड वास दूरवर जातो. कोलामांच्या पोडांतून आणि गोंड वस्त्यांतून स्त्रिया, मुले व म्हातारी माणसे टोपल्या घेऊन निघतात. कोणते झाड कोणत्या घराने वेचावयाचे हे पुष्कळ गावांत परंपरेने ठरलेले असते, आणि ह्या वाटणीवरून तंटा झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. जमिनीच्या बांधावरून भावाभावांत फौजदारी होणाऱ्या मुलखात ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

हा गोडवा वाटेवर पडलेला असतो हे खरे. परंतु तो घरात पोहोचून वर्षभर टिकतो असे मात्र नाही. बरीचशी फुले मातीत मळतात, पुष्कळशी अर्धवट वाळून सडतात, आणि जी चांगली उतरतात ती पंधरा दिवसांच्या आत मिळेल त्या भावाने विकली जातात. झाडे म्हातारी होत आहेत आणि त्यांच्याखाली नवी रोपे दिसत नाहीत. ह्या चारही गोष्टींवर गावातल्या गावात, फारसा खर्च न करता, उपाय करता येण्याजोगा आहे.

गोडी कशात आहे

मोह हा चिकूच्या कुळातील वृक्ष आहे. त्याच्या पाकळ्या इतर फुलांप्रमाणे पातळ नसून मांसल असतात व त्यांतच साखर साठलेली असते. वटवाघळे रात्री ह्या पाकळ्या खाण्यास येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाकडे नेतात. म्हणजे ज्या गोडीसाठी माणूस पहाटे उठतो ती मुळात वटवाघळाला दिलेली मजुरी होय. पाकळ्या गळल्या तरी फळ धरण्याचे थांबत नाही. बीजकोश झाडावरच राहतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचे फळ पिकते. त्यामुळे फुले वेचल्याने पुढील फळांचे नुकसान होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

ताज्या फुलात सुमारे चार पंचमांश पाणी असते. फूल वाळले म्हणजे त्यात शेकडा ६० ते ७० इतकी साखर राहते, आणि तीही पचनास हलकी अशी फळसाखर व द्राक्षसाखर मोठ्या प्रमाणात असलेली. प्रथिने मात्र शेकडा ५ ते ६ च्या आसपासच भरतात. म्हणून मोहफूल हे भाकरीच्या जोडीला घ्यावयाचे अन्न आहे, भाकरीच्या ऐवजी घ्यावयाचे नव्हे. ही मर्यादा जुन्या माणसांना शास्त्र न शिकताही ठाऊक होती. मोह शिजवून ज्वारीच्या पिठात मळणे, भाजून तिळाबरोबर कुटणे, उकडताना त्यात हरभरा किंवा तुरीचे दाणे टाकणे ह्या सर्व रीतींमध्ये गोडीबरोबर प्रथिने व स्निग्धांश येतील अशी व्यवस्था आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील जंगलभागांतल्या लोकांना मोहफुलाचा मोठा आधार झाला. दुष्काळाची आठवण जोडली गेल्यामुळे की काय, पुढे हे अन्न गरिबीचे लक्षण मानले जाऊ लागले. पाहुण्यासमोर दुकानची बिस्किटे ठेवावयाची आणि मोहाचा लाडू आत झाकून ठेवावयाचा, असा संकोच अजूनही काही घरांत आढळतो. तो सोडण्यासारखा आहे.

दारूची छाया

मोहाचे नाव निघताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दारूच उभी राहते. कायद्याच्याही डोळ्यांपुढे दीर्घकाळ तीच उभी होती. मुंबई इलाख्यात १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांविषयी स्वतंत्र कायदाच करण्यात आला. यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडात मोडत होता व वणी जिल्हा ह्या नावाने ओळखला जात होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा इकडेही लागू झाला, आणि त्यातील निर्बंधांमुळे मोहफूल बाळगणे, साठविणे व गावाबाहेर नेणे ह्यांवर बंधने आली. त्याचा परिणाम विपरीत झाला. ज्याला साठविण्याची भीती वाटते तो माल लवकर विकून मोकळा होतो, आणि घाईने विकणाऱ्याला भाव मिळत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, वाहतूक व साठवणूक ह्यांवरील हे निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला. तत्पूर्वीच २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना मोहासारखे गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क दिलेला होता. विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा आहेच व तो तसाच राहिला आहे. परंतु फूल म्हणजे दारू नव्हे, ही गोष्ट आता कायद्यानेही मान्य केली आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती पोडापोडांतून पोहोचविली पाहिजे, कारण घरात दोन पोती मोह ठेवल्यास पकडले जाऊ ही जुनी धास्ती अद्याप पुष्कळांच्या मनातून गेलेली नाही.

गोंड व कोलाम समाजांत देवकार्यात मोहाला स्थान आहे, आणि त्याविषयी बाहेरच्या माणसाने नाक मुरडण्याचे कारण नाही. तथापि दारूच्या व्यसनाने संसार उद्ध्वस्त झाल्याची उदाहरणेही ह्याच जिल्ह्यात गावोगाव आहेत. दारूबंदीची मागणी करीत येथील स्त्रियांनी मोर्चे काढले आहेत. पहाटे मोह वेचणारी स्त्री आणि दारूविरुद्ध रस्त्यावर उतरणारी स्त्री पुष्कळदा एकच असते. तिच्या हातचे फूल तिच्याच घरात अन्न म्हणून राहावे की चार दिवसांत दुसऱ्याच्या भट्टीकडे जावे, हे बहुतांशी त्या फुलाच्या वाळवणीवर व साठवणीवर अवलंबून असते.

वेचणी : आग लावू नका

फुले गळण्याच्या आधी झाडाखाली वाळलेल्या पाल्याचा थर साचलेला असतो. त्यात फूल दिसत नाही, म्हणून पाल्याला काडी लावून जमीन मोकळी करण्याची चाल आहे. हे काम पाच मिनिटांचे खरे, पण त्याची किंमत फार मोठी. वाऱ्याने ती आग पसरली म्हणजे सागाच्या रानात शिरते, गुरांचे वाळके गवत जाळते, आणि झाडाखाली रुजलेली मोहाची कोवळी रोपे तर हटकून मारते. शिवाय राखेत पडलेले फूल काळे पडते व त्याला धुराचा वास लागतो. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, हे वेगळेच.

त्याऐवजी फुले पडू लागण्यापूर्वी एक दिवस खराट्याने पाला झाडून बाजूला ओढावा. तो शेतातील खड्ड्यात टाकल्यास उत्तम खत होते. झाडाखालची जागा शेणाने सारवून घेतल्यास माती लागत नाही. ह्याहून चांगला उपाय म्हणजे झाडाखाली जाळी बांधणे. रोपवाटिकेत सावलीसाठी वापरतात तसली जाळी किंवा स्वच्छ जुन्या साड्या शिवून केलेला कापडी पट्टा जमिनीपासून कमरेइतका उंच, चार-सहा खांबांना ताणून बांधावा. फूल जमिनीला न लागता त्यात पडते. वेचण्याचे श्रम निम्म्याहून कमी होतात, म्हाताऱ्या माणसाची कंबर वाचते, आणि फूल इतके स्वच्छ मिळते की त्याला अन्नपदार्थ म्हणून वेगळे गिऱ्हाईक मिळू शकते. छत्तीसगडच्या जंगलांतील वाळविलेली मोहफुले २०२१ मध्ये फ्रान्सला रवाना झाली. माती लागलेल्या फुलांना असले गिऱ्हाईक मिळत नसते.

जाळीचा आणखी एक फायदा जिवाशी निगडित आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासचा मुलूख वाघांचा आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ ह्या काळात वाघाच्या हल्ल्यांत अनेक माणसे बळी पडली. ज्या वाघिणीवर त्यांचा ठपका होता ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. ती गेली म्हणजे धोका संपला असे नाही. अस्वलाला मोहफूल फार प्रिय आहे. चितळ व सांबरही झाडाखाली येतात, आणि त्यांच्या मागावर वाघ येऊ शकतो. वाकून वेचणारा माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो असे जाणकार सांगतात. जाळीत पडलेले फूल उजाडल्यावर घेतले तरी चालते. गुरे व डुकरे ते आधी खाऊन टाकतील ही घाई राहत नाही. तेव्हा अंधारात एकट्याने जाऊ नये. चार-पाच जणांनी मिळून, बोलत, आवाज करीत जावे आणि मुलांना मध्ये ठेवावे.

वाळवण आणि साठवण

मोहाचा खरा घात वाळवणीत होतो. फुले अंगणात मातीवर पसरावयाची, कोंबड्या-शेळ्यांनी तुडवावयाची, रात्री दव पडू द्यावयाचे आणि तिसऱ्या दिवशी वरून कोरडी दिसली की पोत्यात भरावयाची, अशी सर्वसाधारण रीत आहे. अशा फुलांच्या पोटात ओल राहते. साखर आणि ओल एकत्र आली म्हणजे आंबण्याची क्रिया सुरू होते. असे फूल मग अन्नाच्या कामाचे राहत नाही व दारूवाल्यावाचून त्याला दुसरे गिऱ्हाईक उरत नाही.

चांगली रीत अवघड नाही. घरी आणल्याबरोबर फुलातील काडीकचरा निवडावा. तुराट्यांचे किंवा बांबूचे तट्टे चार खांबांवर आडवे बांधून कमरेइतक्या उंचीचा माच करावा, त्यावर जाळी किंवा धुतलेले कापड अंथरावे आणि फुले एकाच थरात पसरावीत. एकावर एक ढीग पडल्यास खालची फुले घामेजतात. दिवसातून दोन-तीन वेळा ती हलवावीत. संध्याकाळी कापडासकट उचलून आत घ्यावीत. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात साधारणतः चार-पाच दिवसांत फूल आक्रसून तांबूस तपकिरी होते. मुठीत घट्ट दाबून सोडल्यावर फुले एकमेकांना न चिकटता सुटी झाली म्हणजे वाळवण पुरे झाले असे समजावे. त्यानंतर ती हलक्या हाताने बडवून आतील केसर झाडून टाकावेत. हे केसर घशाला टोचतात व खाण्याची गोडी बिघडवितात. अवकाळी पावसाचे ढग दिसताच सर्व वाळवण आत घेण्याची तयारी असावी. ह्या जिल्ह्यात फाल्गुन-चैत्रात गारपीट नवी नाही.

ओल्या १०० किलो फुलांपासून वाळलेली फुले सुमारे २० किलो भरतात. हे प्रमाण गावकऱ्यांना ठाऊक असणे जरुरीचे आहे, कारण ओले फूल विकताना वजन मोठे दिसते आणि भाव पदरात पडल्यासारखा वाटतो. वस्तुतः ओल्याच्या भावाची पाचपट केल्याशिवाय वाळलेल्याच्या भावाशी त्याची तुलनाच होत नाही.

साठवणीसाठी गोणपाट निरुपयोगी आहे. मोहफूल पावसाळी हवेतील ओल शोषून घेते. म्हणून मृग लागण्यापूर्वी फुलांना एकदा पुन्हा कडक ऊन दाखवावे, ती थंड होऊ द्यावीत आणि मग झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिंपात दाबून भरावीत. जुने पिंप घेताना त्यात पूर्वी काय होते ह्याची खात्री करून घ्यावी. कीटकनाशकाचे रिकामे डबे व पिंपे कितीही धुतली तरी अन्नासाठी वापरू नयेत. २०१७ च्या हंगामात ह्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले आहेत. तेथे ह्या बाबतीत अधिक सांगण्याची गरज नसावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक सोपे प्रात्यक्षिक करून दाखविता येईल. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्यावे. एकात मातीवर वाळविलेली मूठभर फुले टाकावीत, दुसऱ्यात माचावर वाळविलेली. घटकाभराने पहिल्या पेल्याच्या तळाशी जी माती बसलेली दिसेल ती आपण आजवर खात होतो, हे स्त्रियांना आपोआप समजते. नंतर दुसऱ्या पेल्यातील फुले त्याच ठिकाणी उकडून, भाजलेले तीळ घालून सर्वांना वाटावीत. असले प्रात्यक्षिक शाळेच्या पटांगणात किंवा अंगणवाडीपुढे, जेथे मुले असतील तेथे करणे चांगले. मूल ज्या पदार्थासाठी दुसऱ्यांदा हात पुढे करते त्याविषयी आईला निराळे पटवावे लागत नाही.

बैलांना अशक्तपणात वाळलेला मोह चारण्याचीही जुनी पद्धत आहे. तो थोडा व पेंडीत मिसळूनच द्यावा. पुष्कळ खाल्ल्यास जनावराचे पोट बिघडते.

बाजार

चैत्रात मोह विकणारा आणि श्रावणात तोच मोह चढ्या भावाने विकत घेणारा मनुष्य पुष्कळदा एकच असतो. मधल्या चार महिन्यांत त्याच्या फुलांनी दुसऱ्याच्या कोठारात मुक्काम केलेला असतो, आणि त्या मुक्कामाचे भाडे तो भरतो. मीठ, कांदे किंवा तांदूळ देऊन त्याच मापाने मोह घेण्याची पद्धतही जंगलभागांत चालत आलेली आहे. माप सारखे दिसते, मोल सारखे नसते.

सर्व मोह घरीच ठेवा असे सांगणे व्यवहाराला धरून होणार नाही. हातात रोख पैसा नसेल तर थोडा विकावाच लागतो. परंतु घरच्या खाण्यापुरता वाटा प्रथम पिंपात बंद करून मग उरलेला बाजारात न्यावा. बचत गटाने दहा-पंधरा घरांचा माल एकत्र तोलून विकल्यास व्यापारी गावात येतो. एकेकटीने टोपली घेऊन गेल्यास तिला व्यापाऱ्याच्या दारात बसावे लागते. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे तेथील ग्रामसभेने तोलकाटा स्वतःचा ठेवावा. एवढ्या एका गोष्टीनेही बराच फरक पडतो.

फळे, तेल आणि पेंड

फुलांचा हंगाम संपून तेंदूपानाचा हंगाम उलटतो तोवर मोहाची फळे, म्हणजे टोळ, पिकू लागतात. त्यांतील बियांचे तेल खाण्यास, दिव्यास व साबणास उपयोगी पडते. थंडीत ते तुपासारखे थिजते. पेंड मात्र जनावरांना घालू नये; तिच्यात सॅपोनिन हे अपायकारक द्रव्य असते. खत म्हणून ती शेतात वापरावी. ती ओढ्यात किंवा तळ्यात जाऊ देऊ नये, कारण तिने मासे मरतात.

नवी झाडे

यवतमाळच्या वाटांवर आज जे मोह फुलतात ते बहुतेक आजोबा-पणजोबांच्या काळातले आहेत. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात मोहाचा समावेश असल्यामुळे मालकीच्या जमिनीतील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. त्याने जुने झाड वाचते. नवे मात्र त्याने उगवत नाही. फुले वेचली जातात, फळे वेचली जातात, बिया तेलासाठी जातात, उरलेले बी रुजले तर त्याला आग किंवा शेळी गाठते.

लागवड करू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने लक्षात ठेवावी. मोहाचे बी टिकत नाही. झाडावरून पडल्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याची उगवणशक्ती नाहीशी होते. दिवाळीनंतर पेरू म्हणून डब्यात ठेवलेले बी उगवले नाही तर दोष बियांचा नव्हे. ज्या झाडाची फुले मोठी व भरपूर येतात अशा झाडाखालचे पिकलेले टोळ गोळा करून गर काढून टाकावा आणि त्याच आठवड्यात बी पेरावे. रोपाचे सोटमूळ फार लवकर खोल जाते, म्हणून लहान पिशवी चालत नाही. उंच पिशवी घ्यावी, किंवा सरळ धुऱ्यावरच कायमच्या जागी दोन-दोन बिया टोकाव्यात. बियांपासून वाढलेले झाड फुलावर यावयास दहा-पंधरा वर्षेही लागतात. कलमी झाड त्यामानाने लवकर फुलते. गुजरातेतील गोध्रा येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने ‘थार मधु’ नावाचा मोहाचा वाण निवडला आहे. परंतु ज्या गावाच्या आसपास उत्तम झाडे आहेत त्याने कलमांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

टोळ पिकण्याची वेळ आणि पहिल्या पावसाची वेळ जवळजवळ एकच असते. त्या आठवड्यात शेतकरी कापूस लावण्याच्या घाईत असतो व धुऱ्याकडे पाहण्यास त्याला सवड नसते, हीच ह्या कामातली मुख्य अडचण आहे. म्हणून हे काम शाळकरी मुलांवर व म्हाताऱ्यांवर सोपवावे. एका घराने धुऱ्यावर पाच ठिकाणी बी टोकावे, प्रत्येक ठिकाणाभोवती बोराट्यांचे कुंपण करावे आणि पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा घागरभर पाणी घालावे. पाचांपैकी दोन रोपे जगली तरी पुरे. जगलेल्या रोपाभोवतालचे गवत पावसाळा संपताच कापून घ्यावे, म्हणजे उन्हाळ्यात शेजारच्या रानातून आग आली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.